फोटोची साक्ष आणि शेवटचे वर्ष

‘फोटो काढायला बी कॉलेज असतंय व्हय?’

छायाचित्रण शिकायला पुण्या-मुंबईला किंवा कोल्हापूरला गेलेला मुलगा सुट्टीत पलूसला आला, की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, बारशापासून बाराव्यापर्यंत सगळ्याचे फोटो निघतात, लग्नात डोक्यावर ड्रोन फिरतो. मग तीन-चार वर्षे फी भरून शिकायचे तरी काय? इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला ‘नोकरी कधी?’ एवढेच विचारले जाते. फोटोग्राफीच्या मुलाला मात्र आपले शिक्षण म्हणजे काय, इथपासून सांगावे लागते. आणि शेवटच्या वर्षाला हा प्रश्न लोकांपेक्षा जास्त तो स्वतःच स्वतःला विचारत असतो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्यामुळे सध्याच्या काही वर्षांत तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. कॉलेजात हेच दिवस प्रकल्प पुरा करण्याचे, छपाईसाठी धावपळ करण्याचे आणि परीक्षकांसमोर उभे राहण्याचे. रोजा आणि शेवटचे वर्ष एकाच वेळी सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा महिना दुहेरी कसोटीचा ठरतो.

शेवटच्या वर्षात काय असते?

पहिल्या वर्षात कॅमेरा हाताळायला शिकतात. उजेड किती आत घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, लेन्स कोणती लावायची. दुसऱ्या वर्षात स्टुडिओतले दिवे, जाहिरातीचे फोटो, माणसांचे चेहरे, इमारती, खाद्यपदार्थ. शेवटच्या वर्षात शिक्षक मागे सरकतात. विषय विद्यार्थ्याने स्वतः शोधायचा, महिनोन्‌महिने त्याच्या मागे राहायचे आणि काढलेल्या हजारो फोटोंतून पंधरा-वीस निवडायचे.

ही निवडच सगळ्यांत अवघड. ज्या फोटोसाठी पहाटे तीनला उठलो तो फोटो चांगला असेलच असे नाही. शिक्षक भिंतीवर लावलेल्या फोटोंतून एकेक काढून टाकतात आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून विचारतात, ‘हा माणूस कोण? त्याचे नाव काय? हा फोटो काढलेला त्याला ठाऊक आहे का?’ या तीन प्रश्नांवर अनेकांची पहिली निवड कोसळते.

खर्चाची बाजू वेगळीच. चांगली लेन्स विकत घेणे बहुतेकांना परवडत नाही. ती दिवसाच्या भाड्याने मिळते, वर अनामत ठेवावी लागते. मग चौघे मिळून एक लेन्स घेतात आणि तासांची वाटणी करतात. स्टुडिओत उजेड परतवायला महागड्या साहित्याऐवजी थर्माकोलचा पांढरा तक्ता चालतो. प्रदर्शनासाठी मोठ्या आकाराची छपाई, त्यावरची चौकट, फोटो साठवायच्या हार्ड डिस्क हे सारे शेवटच्या सहा महिन्यांत अंगावर येते. त्यासाठी बहुतेक जण लग्नसराईत दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली काम करतात. शनिवारी हळद, रविवारी लग्न आणि सोमवारी सकाळी वर्गात डुलक्या.

या लग्नाच्या कामाला काही विद्यार्थी कमी लेखतात. तसे करायचे कारण नाही. भर मांडवात, अंगावर पडणाऱ्या गर्दीत, एकदाच घडणारा क्षण चुकू न देणे ही मोठी तालीम आहे. पलूस, कुंडल, भिलवडी परिसरातल्या स्टुडिओवाल्यांनी कोणत्याही पदवीशिवाय ती कमावली आहे, आणि आजच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी कॅमेरा पहिल्यांदा हातात घेतला तो अशाच एखाद्या स्टुडिओत.

ही माती चित्राला परकी नाही

किर्लोस्करवाडी स्टेशनवर पुण्याकडे जाणारी कोयना एक्स्प्रेस पकडणाऱ्या विद्यार्थ्याला कदाचित ठाऊक नसेल, की हे स्टेशन ज्या वसाहतीच्या नावाने ओळखले जाते तिचा संस्थापकही एकेकाळी कलाशाळेचा विद्यार्थी होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. दोनेक वर्षांनी लक्षात आले, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच थांबले. ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे लोखंडी नांगर घडवला. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या ज्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तो माळ देणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. औंधचे संग्रहालय आजही त्यांच्या कलाप्रेमाची खूण सांगते.

याच वाडीतून चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली मासिक सुरू केले. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. मुखपृष्ठे, व्यंगचित्रे आणि छायाचित्रे घेऊन ही मासिके महाराष्ट्रभर घरोघरी जात होती. पलूसचा मुलगा फोटोग्राफी शिकतो, यात जगावेगळे काही नाही.

आज तर वाट थोडी सोपी झाली आहे. या भागाचे आमदार राहिलेल्या पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या भारती विद्यापीठाचे पुण्यात छायाचित्रणाचे स्वतंत्र विद्यालय आहे. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत चार वर्षांच्या पदवीत छायाचित्रण शिकता येते.

पहिले विद्यार्थी

महाराष्ट्रात छायाचित्रणाचा वर्ग ही कालपरवाची गोष्टही नाही. फ्रान्समध्ये दागेर यांचे तंत्र १८३९ मध्ये जगासमोर आले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रण शिकवायला सुरुवात झाली. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. म्हणजे विद्यापीठाच्याही आधी इथली मुले फोटो काढायला शिकत होती!

विद्यार्थिदशेतले सर्वांत सुंदर काम मात्र होमाई व्यारावाला यांचे. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई मुंबईत जे. जे. मध्ये कलेचे शिक्षण घेत होत्या. कॅमेरा त्यांना शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला. विषय शोधायला होमाई लांब गेल्या नाहीत. त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींनाच कॅमेऱ्यासमोर उभे केले. रेहाना मोगल या सहाध्यायी मैत्रिणीची त्यांनी काढलेली छायाचित्रे आज त्या काळातल्या शहरी तरुणींचा दस्तावेज मानली जातात. सुरुवातीला होमाईंचे फोटो माणेकशांच्या नावाने छापले जात. बाईने काढलेला फोटो म्हणून तो कोणी गंभीरपणे घेणार नाही, असा तो काळ होता. त्याच होमाईंनी पुढे दिल्लीत स्वातंत्र्याचे सोहळे टिपले, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव मिळवले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आजच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हटले की अनेकांना राजस्थानचे वाळवंट, वाराणसीचे घाट आठवतात. होमाईंचा विषय शेजारच्या बाकावर बसला होता.

घरातला दुसरा प्रश्न

काही मुस्लिम घरांत लोकांच्या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न येतो. तसवीर काढणे धर्माला धरून आहे का? सजीवांची चित्रे काढण्याबाबत इस्लामी परंपरेत संकोच आहे आणि उलेमांत आजही मतभेद आहेत. आजी फोटोला बसायला तयार नसते, घरातल्या भिंतीवर फोटोऐवजी मक्का-मदिनेचे चित्र किंवा आयत असते. नातवाने तिचा मान राखायचा असतो, आणि तो राखतोही.

पण याच परंपरेत दुसरी बाजूही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती राहिलेले मुहंमद बखीत अल्-मुतीई यांनी कॅमेऱ्याचा फोटो वेगळा मानला. माणूस इथे नवे काही घडवत नाही, अल्लाहने निर्माण केलेल्याची सावली फक्त धरून ठेवतो, अशा आशयाची मांडणी त्यांनी केली. त्याच्याही आधी, १८६१ मध्ये, मुहंमद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अभियंत्याने मदिनेची छायाचित्रे घेतली आणि १८८० मध्ये मक्केची. त्या पवित्र शहरांची ही सर्वांत जुनी ज्ञात छायाचित्रे. आज हजला निघालेल्या प्रत्येक यात्रेकरूच्या अर्जावर फोटो असतो.

आणि मुळात, कॅमेऱ्यामागचे शास्त्र समजावून सांगणाऱ्यांत एक मोठे नाव आहे ते इब्न अल्-हैसम यांचे. बसऱ्यात इ.स. ९६५ च्या सुमारास जन्मलेला हा विद्वान कैरोत काम करत होता. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे तेव्हा अनेक जण मानत. इब्न अल्-हैसम यांनी दाखवून दिले, की उजेड वस्तूंकडून डोळ्यांत येतो. अंधाऱ्या खोलीला एक लहान छिद्र ठेवून त्यांनी बाहेर वेगवेगळ्या जागी दिवे मांडले. आतल्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला, की त्याचाच ठिपका नाहीसा होई. ‘किताब अल्-मनाझिर’ या त्यांच्या ग्रंथाला सुमारे हजार वर्षे झाल्याचे औचित्य साधून युनेस्कोने २०१५ च्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात त्यांचे स्मरण केले. आजही छायाचित्रणाच्या वर्गात खिडक्यांना काळा कागद लावून, एक छिद्र ठेवून समोरचे झाड भिंतीवर उलटे उतरवून दाखवतात. घरी आजीला हा प्रयोग दाखवला, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

रोजा आणि उजेड

छायाचित्रकाराला दिवसातल्या दोन वेळा सर्वांत प्रिय. सूर्योदयाच्या आसपासची आणि सूर्यास्ताच्या आधीची. रमजानमध्ये पहिली वेळ आयती मिळते. सहरीसाठी, म्हणजे पहाटेच्या जेवणासाठी, उठलेला विद्यार्थी फजरची नमाज पढून कॅमेरा घेऊन थेट बाहेर पडू शकतो. औदुंबरच्या घाटावर, कृष्णेच्या पाण्यावर त्या वेळी जो उजेड असतो, तो इतर महिन्यांत झोपेत निघून जातो.

दुसरी वेळ मात्र परीक्षा पाहते. उजेड सर्वांत मऊ होतो तो सूर्य बुडण्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि तेव्हाच दिवसभराच्या उपवासाने हात थरथरू लागतात. कॅमेरा एका जागी स्थिर धरणे म्हणजे काय, हे तेव्हा कळते. अशा वेळी वर्गमित्र कामाला येतात. एक जण उजेड परतवणारा तक्ता धरतो, दुसरा घड्याळावर नजर ठेवतो आणि वेळ होताच खजूर पुढे करतो. धरणाऱ्याचे नाव सुहास असो की सोहेल, तक्ता तेवढाच स्थिर राहतो.

विषयही या दिवसांत दाराशी असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगली जिल्ह्यात द्राक्षांचा हंगाम जोरात असतो आणि बेदाणा शेड भरू लागतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवलेले घड जाळ्यांवर पसरले जातात, हिरवा मणी हळूहळू सुरकुततो, मग बाया एकेका दाण्याची प्रतवारी करत बसतात. या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तोच बेदाणा ईदच्या सकाळी शीरखुर्म्यात पडतो आणि ती वाटी शेजारच्या हिंदू घरात जाते. मळ्यापासून त्या वाटीपर्यंतचा प्रवास वीस फोटोंत मांडायचा ठरवला, तर शेतकरी, मजूर बाई, अडत्या, बाजारातला दुकानदार आणि दोन शेजारणी एवढी माणसे त्यात येतात. पण त्यासाठी शेडमध्ये दोन-चार दिवस कॅमेरा न काढता बसावे लागेल, नावे विचारावी लागतील, परवानगी घ्यावी लागेल. शिक्षकांचे ते तीन प्रश्न इथे उभे राहतात.

गवाही कोणाची?

रमजानच्या शेवटी चांदरातीला चंद्रकोर दिसली की नाही, यावर ईद ठरते. आपल्याकडे चांद समित्या त्यासाठी गवाही घेतात. प्रत्यक्ष पाहणारा माणूस समोर येतो, कुठून आणि किती वाजता पाहिले ते सांगतो. तो भरवशाचा आहे का, हे पाहिले जाते. त्याच संध्याकाळी मोबाइलवर कोरीचे फोटो धडाधड फिरू लागतात. त्यांतले काही मागच्या वर्षीचे असतात, काही भलत्याच देशातले. फोटो खोटा असू शकतो, म्हणून माणसाची साक्ष लागते.

छायाचित्रणाच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी आज नेमका याच वळणावर उभा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने आता न घडलेल्या प्रसंगाचा, नसलेल्या माणसाचा हुबेहूब फोटो तयार होतो. साबणाच्या वडीचा किंवा हॉटेलच्या ताटाचा फोटो काढून चार पैसे मिळवायची वाट अरुंद होत चालली आहे. ज्याने शिक्षणासाठी कर्ज काढले, त्याला ही चिंता रात्री झोपू देत नाही. तिचे सोपे उत्तर कोणाकडे नाही. पण यंत्राला एक गोष्ट जमत नाही. ‘मी तिथे होतो, मी हे पाहिले’ असे ते म्हणू शकत नाही.

ही साक्ष किती मोलाची असते, हे पलूस तालुक्याला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठची गावे पाण्याखाली गेली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळजवळ पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि गावाने आपली माणसे गमावली. पाणी ओसरल्यावर कपाटातले लग्नाचे अल्बम चिखलाचे गोळे होऊन निघाले. धान्य पुन्हा भरता येते. गेलेल्या आईचा एकुलता एक फोटो परत येत नाही. घराची भिंत कुठवर भिजली, गोठा कुठे होता, हे पंचनाम्याला दाखवायलाही फोटोच लागला. २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. कोणत्या घराला कोणत्या वर्षी किती पाणी लागले, याची गावोगाव नीट तारखेसह नोंद ठेवणे हे एखाद्या विद्यार्थ्याच्या शेवटच्या वर्षाचे उत्तम काम ठरू शकते, आणि पुढच्या पुरात गावाच्या उपयोगीही पडू शकते.

साक्षीची किंमतही असते. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात शिकलेले आणि रॉयटर्ससाठी मुंबईतून काम केलेले दानिश सिद्दीकी यांना, रोहिंग्या निर्वासितांची छायाचित्रे घेणाऱ्या चमूचे सदस्य म्हणून, २०१८ मध्ये पुलित्झर मिळाले. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकजवळ ते मारले गेले. करोनाच्या लाटेत देशाने काय सोसले, हे दाखवणाऱ्या छायाचित्रांसाठी २०२२ मध्ये मरणोत्तर पुन्हा पुलित्झर मिळाले. प्रत्येकाने रणांगणावर जावे असे मुळीच नाही. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपणारे आणि २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे यांनी आपल्याच शहरात, रोज डोळ्यांसमोर असूनही न दिसणाऱ्या माणसांकडे कॅमेरा वळवला.

गावाने काय द्यावे?

या मुलांना गावाकडून पैशांपेक्षा जागा आणि विश्वास हवा असतो. त्यांचे प्रदर्शन बहुतेक वेळा कॉलेजच्या दालनात लागते, चार दिवस राहते आणि ज्यांचे फोटो काढले ते लोक कधीच ते पाहत नाहीत. भिलवडीसारख्या गावांत जुनी वाचनालये आहेत, तालुक्यात शाळांची सभागृहे आहेत, उत्सव मंडळांचे मांडव आहेत. त्यांतली एक भिंत वर्षातून आठ दिवस या मुलांना मिळाली, तर बेदाणा शेडमधली बाई आपल्या नातवाला घेऊन स्वतःचा फोटो पाहायला येईल. इफ्तारच्या दस्तरखानावर, यात्रेच्या पालखीत, ग्रामसभेत एखादा विद्यार्थी कॅमेरा घेऊन आला आणि परवानगी मागू लागला, तर त्याला आधी बसायला सांगावे, काय करतोस ते विचारावे.

विद्यार्थ्यांनीही एक रिवाज पाळायला हरकत नाही. निवडलेल्या पंधरा-वीस फोटोंची मोठी छपाई परीक्षकांसाठी होतेच. त्याच वेळी पोस्टकार्डाएवढी एकेक प्रत जास्तीची काढावी, मागे नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि ईदला घरी येताना ज्याचा फोटो त्याच्या हातात नेऊन द्यावी. पुरात अल्बम वाहून गेलेल्या घरांत त्या प्रतीला चांगल्या कोरड्या जागी, उंच फळीवर ठेवले जाईल.